गायकाकडे पाठ

एकदा एक व्यापारी दूरदेशीचा प्रवास आटोपून आपल्या नगरात परतला, तो डोक्यात एक वेड घेऊनच. माणसे परदेशातून अत्तर आणतात, रेशीम आणतात, पोपट आणतात. याने हळहळ आणली. जिथे जिथे त्याची गलबते लागली, तिथे त्याला एकच गोष्ट दिसली होती. राजांची नावे लोक विसरले होते, त्यांचे तट ढासळले होते. पण कुणीतरी कधीतरी एखाद्या चित्रकाराला निश्चिंतपणे जेवू घातले होते, आणि त्याने रंगवलेल्या भिंती पाहायला अजून माणसे लांबून येत होती. आपल्या नगरात काय आहे? मिरीच्या वखारी आहेत. उद्या मिरीचा भाव पडला, की या नगराकडे कुत्रेही फिरकणार नाही.

म्हणून त्याने गायनशाळा बांधायचे ठरवले. बांधणे सोपे होते, कारण दगड आणि सुतार विकत मिळतात. अवघड होते ते त्या शाळेत मुख्य गायक म्हणून कुणाला बसवायचे, हे ठरवणे. शेटला गाण्यातले फारसे कळत नव्हते, आणि आपल्याला कळत नाही हे मात्र कळत होते. श्रीमंतांत हा गुण दुर्मिळ आहे, म्हणून मुद्दाम सांगितले. त्याने चौकशी केली, तेव्हा सर्वांनी एकाच दिशेला बोट दाखवले. नदीच्या वळणावर एका वृद्ध आचार्यांचे गुरुकुल होते. गाण्यातला शेवटचा शब्द त्यांचा.

शेट गेला. तोंडात पान होते, बोलता बोलता ते चघळणे चालू होते. आचार्य म्हणाले, "आधी पान थुंकून या. आणि इकडे उजेडात, माझ्यासमोर बसा." शेटला तो गुरुकुलाचा शिष्टाचार वाटला. त्याने चूळ भरली आणि उजेडात बसून आपले मन मोकळे केले.

"आचार्य, मी देशोदेशी हिंडलो. आपल्या घाटातली लेणी पाहा, व्यापाऱ्यांच्या दानातून कोरली गेली. तसेच सगळीकडे. वाळवंटापलीकडे एक दरबार पाहिला, तिथे कवीने मनाजोगती ओळ म्हटली की त्याला भरजरी झगा देतात. रेशमाच्या वाटेवर उंटांचे तांडे नेणाऱ्यांनी गुहाच्या गुहा रंगवून घेतल्या आहेत. पश्चिमेला एक नगर आहे. तिथले लोकरीचे व्यापारी देवळांना मूर्ती करून देण्यात एकमेकांशी चढाओढ करतात. मलाही तसे काही करायचे आहे."

आचार्यांनी त्याच्याकडे टक लावून सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "त्या नगरातले मूर्तिकार एकमेकांशी कसे वागतात?"

शेट हसला. "ते विचारू नका. मी उतरलो होतो त्याच गल्लीत दोघे राहत. एकाची मूर्ती उभी राहिली की दुसरा अंथरूण धरायचा. जेवण नाही, बोलणे नाही. मग उठायचा आणि तिच्याहून सरस मूर्ती घडवायचा. की लगेच पहिल्याला ताप."

"म्हणजे नगर खरोखरच समृद्ध आहे," आचार्य म्हणाले. "वसंतपंचमीला या. माझे दोन शिष्य गातील. कुणाला न्यायचे ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगेन."

आता ज्याची ही गोष्ट आहे, त्याच्याकडे येऊ.

आचार्यांचा थोरला शिष्य त्र्यंबक. लहानपणीच गुरुकुलात आला आणि तिथेच वाढला. गळा घोटीव, विद्या पक्की, चूक म्हणून कधी नाही. गुरुकुलाची रीत अशी, की नव्या शिष्यांकडून रोजचा रियाज थोरल्या शिष्याने करून घ्यायचा, आणि आचार्यांनी नंतर ऐकायचे. त्या रीतीने एके दिवशी सुमंत नावाचा एक नावाड्याचा मुलगा त्र्यंबकच्या हाती आला. त्याला षड्ज लावायला त्र्यंबकने शिकवले. श्वास कुठे घ्यायचा, तोंड किती उघडायचे, तंबोऱ्याकडे कान कसा ठेवायचा, हे सगळे त्याने शिकवले. सुमंत त्याला दादा म्हणे आणि त्याच्या सांगण्यापलीकडे जात नसे.

आणि मग काही वर्षांनी सुमंतचा आवाज फुटला, तो थेट आभाळाकडे. वरच्या सप्तकातला षड्ज लावून तो असा उभा राही, की पलीकडच्या घाटावर धुणे धुणाऱ्या बाया हात थांबवत. त्र्यंबकने त्या बायांना कधी हात थांबवताना पाहिले नव्हते. आता मात्र तो रोज पाहू लागला.

मत्सराची निंदा पुष्कळ झाली आहे. त्याचे गुणही मान्य केले पाहिजेत. तो आळशी नसतो. दिवसभर राबतो, आणि जे कुणाला दिसत नाही ते शोधून काढतो. पंगतीत सुमंतच्या पानावर भात जरा अधिक पडला, हे त्र्यंबकला दिसे. सुमंत शिंकला तर तेही सुरातच असे वाटून त्याचे डोके उठे. पहाटे गळा जड असताना तो त्याला मुद्दाम अवघड पलटे देई, आणि तो ते म्हणून दाखवी तेव्हा स्वतःच चिडे. शिकवणारा मीच, आणि ज्याच्यामुळे जळतो तोही मीच घडवलेला, ही बोच वेगळी असते. परक्याचे वैभव निदान परके तरी म्हणता येते.

पण याहून खोल एक काटा होता. आचार्य सुमंतला "वा" म्हणत. कधी हात वर करून थांबवत आणि "पुन्हा" म्हणत, कधी डोळे मिटून मान हलवत. धाकटे शिष्य थक्क होत; आचार्यांना तसूभर फरकही कळतो म्हणत. त्र्यंबकला मात्र गेली कित्येक वर्षे त्यांनी "वा" म्हटले नव्हते. तो गाई, ते शांतपणे बसून राहत, आणि गाणे संपले की म्हणत, "बरे. आता विश्रांती घे." आणि अपमानाची कमाल म्हणजे सुमंत गात असताना त्र्यंबकला ते आपल्या पुढ्यात बसवून घेत. गाणाऱ्याकडे पाठ, गुरूकडे तोंड. धाकट्याचे कौतुक गुरूच्या चेहऱ्यावर उमटताना थोरल्याने पाहत बसायचे, ही कुठली रीत? त्र्यंबकने कधी विचारले नाही. विचारायला मन मोकळे लागते.

वसंतपंचमी आली. शेट आला, गावोगावचे लोक आले. मानाप्रमाणे धाकट्याने आधी गायचे आणि थोरल्याने नंतर, असे ठरले.

त्या गुरुकुलात आणखी एक रीत होती. शिष्याच्या पहिल्या मोठ्या बैठकीचा तंबोरा थोरल्या गुरुबंधूने लावून द्यायचा. एकदा लावून दिला, की गाणाऱ्याने खुंटीला हात लावायचा नाही. जो सूर वडीलकीच्या हातून मिळाला, तोच आपला. या रीतीमागे मोठा प्रेमळ हेतू होता. प्रेमळ रीतीच फसवायला सोप्या असतात.

त्र्यंबकने तंबोरा मांडीवर घेतला आणि खुंटी पिळली. सुमंतच्या नेहमीच्या षड्जापेक्षा त्याने षड्ज चढा लावला. फार नाही, ऐकणाऱ्याला कळू नये आणि गाणाऱ्याला पेलू नये, इतपत. सुमंतची सारी कीर्ती वरच्या षड्जावर उभी होती. आज तो तिथवर जाईल आणि भरसभेत त्याचा गळा फाटेल. मग शेट कुणाला नेईल, हे काय सांगायला हवे?  तारा सुरेल लागल्याचे त्याला क्षणभर समाधानही वाटले, कारण हाताची सवय मनाच्या पापात सामील नव्हती.

सुमंत बसला. त्याच्यामागे एका शिष्याने तंबोरा छेडला. आणि तेवढ्यात एक विचित्र गोष्ट घडली. आचार्य आपल्या आसनावरून उठले, आसन उचलले, फिरवले, आणि गायकाकडे पाठ करून बसले. समोर पहिल्या रांगेत त्र्यंबक होता. ते त्याच्या तोंडाकडे पाहू लागले. सभेत कुजबुज झाली. शेटच्या कपाळावर आठ्या पडल्या. गुरूच पाठ फिरवून बसला, तर पोराने गायचे कुणासाठी?

सुमंतने षड्ज लावला आणि थबकला. त्याने एकदा त्र्यंबककडे पाहिले. मग डोळे मिटले, आणि तो वर जायच्या ऐवजी खाली उतरला.

मंद्र सप्तकात, जिथे गायक पाय धुण्यापुरते उतरतात आणि लगेच वर येतात, तिथे तो बसून राहिला. षड्ज चढा होता, म्हणून आजवर त्याच्या आवाजाबाहेर असलेले खालचे सूर आज हाताशी आले होते. तो एकेका सुराशी जाऊन थांबत होता, त्याला काही विचारत होता आणि उत्तराची वाट पाहत होता. घाई नव्हती, चमत्कार नव्हता, टाळी घ्यायची एक जागा नव्हती. लोक वाट पाहून कंटाळले. ज्यासाठी आलो तो वरचा षड्ज कुठे आहे? मागच्या रांगेतले काही जण उठून गेले. शेटने दोनदा जांभई आवरली.

त्र्यंबक मात्र हलू शकला नाही.  हा राग त्याने आयुष्यभर गायला होता. या रागाला हे तळघर आहे, हे त्याला कधी सुचलेच नव्हते. आपण ज्या घरात जन्मभर राहिलो, त्या घरात काल आलेल्या पोराने एक दार उघडावे, आणि आत एवढा ऐवज निघावा? तो आतून जळत होता, आणि जळता जळता पुढचा सूर कोणता येतो म्हणून जीव कानात आणून ऐकत होता. आचार्य त्याच्याकडे पाहतच होते.

सुमंतनंतर त्र्यंबक गायला. तंबोरा त्याने आपल्या सुरात लावून घेतला. आचार्य तसेच गायकाकडे पाठ करून बसले आणि या वेळी समोर येऊन बसलेल्या सुमंतच्या तोंडाकडे पाहू लागले. त्र्यंबक नेहमीसारखा गायला, म्हणजे निर्दोष. ताना मोत्याच्या सरीसारख्या, सम अचूक. सभा जिवंत झाली. वाहवा झाली. शेट उभा राहिला आणि म्हणाला, "आचार्य, निर्णय झालाच म्हणायचा." आचार्य म्हणाले, "उद्या सकाळी," आणि आत निघून गेले.

दिवेलागणीला त्यांनी त्र्यंबकला बोलावले. समईच्या उजेडात, अगदी समोर बसवले. एवढी वाहवा झाली होती, तरी त्र्यंबकच्या मनात ती फिरवलेली पाठ सलत होती. तो म्हणाला, "आचार्य, आज आपण गाण्याकडे पाठ केलीत. मग ऐकलेत काय?"

"काहीच नाही," आचार्य म्हणाले. "मला ऐकू येत नाही, त्र्यंबक. सुमंत आला तेव्हा थोडे येत होते. नंतर तेही गेले. आता तू जे बोलतोस तेही तुझ्या ओठांवरून वाचतो आहे."

त्र्यंबकला एकेक आठवू लागले. हाक मारली तरी आचार्यांची मान वळत नसे, आणि लोक म्हणत, केवढी ही समाधी! आपल्याकडे थोर माणसाची ही एक सोय असते. त्याचे काही बिघडले, तरी लोक त्याला साधना समजतात. पण त्र्यंबक तर त्यांच्या सावलीत राहत होता. त्याच्याही लक्षात आले नाही, कारण आपल्याला काय मिळाले नाही याचा हिशेब ठेवण्यात तो गुंतलेला होता.

"पण आपण सुमंतला थांबवत होता. 'पुन्हा' म्हणत होता. 'वा' म्हणत होता."

"तुझ्याकडे पाहून," आचार्य म्हणाले. "तो चुकला की तुझी भुवई हलकेच वर जाई. तुला बरे वाटे. मी म्हणे, पुन्हा. आणि त्याने काही विलक्षण केले की तुझा चेहरा काळवंडे, ओठ घट्ट मिटत. मी म्हणे, वा. मित्राचा चेहरा फसवतो, शिष्याचा चेहरा तर नेहमीच फसवतो. जळणाऱ्याचा चेहरा कधी खोटे बोलत नाही. गेली कित्येक वर्षे मी तुझ्या मत्सराच्या कानाने ऐकतो आहे."

त्र्यंबकने मान खाली घातली. आपले गुपित आपल्या कपाळावर लिहिलेले होते, आणि ते रोज कुणीतरी वाचत होते, हे कळल्यावर माणसाला पळून जावेसे वाटते. त्र्यंबक मान वर करून कसाबसा म्हणाला, "म्हणजे आज आपल्याला कळलेच असेल."

"आज घोटाळा झाला आहे. तुझा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. सभा मात्र उठून जात होती. इतके लोक चुकत असतील, की माझे म्हातारे डोळे? ज्याला गाणे कळते असा इथे तू एकटा आहेस. म्हणून तुलाच विचारतो. सुमंत कसा गायला? तू जे सांगशील ते मी सकाळी शेटजींना सांगेन."

त्र्यंबकसमोर त्याच्या जन्माचे सगळे मागणे ताटात वाढून ठेवले होते. काही खोटे रचायचीही गरज नव्हती. 'बरा गायला' एवढे दोन शब्द पुरे होते. सभेने तेच म्हटले होते, शेटलाही तेच वाटत होते. बहिऱ्या गुरूला दुसरे कोण सांगणार होते? गायनशाळा, मान, आयुष्यभराचे निश्चिंत गाणे, सगळे त्या दोन शब्दांवर टांगलेले होते. त्याने तोंड उघडले. शब्द ओठांपर्यंत आले. पण सुमंतचा तो खालचा सूर अजून त्याच्या कानातून गेला नव्हता, आणि त्या सुराला 'बरा' म्हणणे त्याला जमेना. माणूस माणसाशी खोटे बोलतो. सुराशी खोटे बोलायची त्याला सवय नव्हती.

"मी नेहमीसारखा गायलो," तो म्हणाला. "चुकलो नाही. तो जे गायला ते मी आजवर कुणाकडून ऐकले नाही. मला ते येणार नाही. कदाचित पुढेही येणार नाही." मग थांबून म्हणाला, "आणि तंबोरा मी चढा लावला होता. त्याचा गळा फाटावा म्हणून."

आचार्यांनी त्याला ते पुन्हा म्हणायला लावले, कारण त्याचे ओठ थरथरत होते. त्याने पुन्हा म्हटले. 

"तुझ्या तोंडावर आज जळण्याबरोबर आणखी काही होते, ते मला वाचता येत नव्हते," आचार्य म्हणाले. "आता कळले. ऐक. शेटजींनी सांगितलेली सगळी नगरे आठव. आश्रय देणारे जगात नेहमीच असतात. पैसा झाला की माणसाला मागे नाव उरावेसे वाटते. पण देणाऱ्याला कळत नाही. आणि ज्याला कळते, तो आतून जळत असतो, म्हणून बोलत नाही. दोघे असे समोरासमोर मुके बसले, की कितीही शाळा बांधा, त्यांत भाटच जमतात. कधीतरी, कुठेतरी, जळणारा माणूस तोंड उघडतो आणि खरे सांगतो. त्या दिवसापासून त्या गावात कला नांदू लागते. मत्सर म्हणजे तोंड मिटलेली दाद. तू आज ते उघडलेस."

त्र्यंबकच्या मनात या उपदेशातले किती उतरले, कोण जाणे. त्याला एकच विचारायचे होते. "आणि मी, आचार्य? मला आपण कधीच 'वा' म्हटले नाही."

"तू गात असताना मी सुमंतकडे पाहत होतो," आचार्य म्हणाले. "त्याच्या चेहऱ्यावर भक्ती होती. तू सूर लावण्याआधीच तो डोलत होता. भक्तीवरून काय कळणार? तू कसा गातोस हे मला गेल्या कित्येक वर्षांत ठाऊक नाही. तुझा मत्सर करील एवढा जाणता दुसरा शिष्य मी घडवू शकलो नाही. उणेपण माझे आहे, भोगलेस मात्र तू."

त्र्यंबक त्यांच्या पायांवर डोके ठेवून रडला. ते सुटकेचे रडणे नव्हते. जे हवे होते ते आता कधीच मिळणार नाही, हे कळल्याचे ते रडणे होते.

सकाळी शेट आला आणि निर्णय ऐकून गोंधळला. "सुमंत? पण आचार्य, तो तर काल खालीच घुटमळत होता."

"याला विचारा," आचार्य म्हणाले.

त्र्यंबक पुढे आला. "शेटजी, मी काल जे गायलो ते मला गुरूंनी दिलेले होते. त्याने जे गायले ते कुणी दिलेले नव्हते. तुम्हाला पुढच्या पिढ्यांनी यावे असे काही हवे असेल, तर त्याला न्या."

शेटने त्याला आपादमस्तक न्याहाळले. "आपल्याच पायावर धोंडा पाडून घेता आहात."

"घेतो आहे."

शेट शेवटी व्यापारी होता. त्याला गाणे कळत नव्हते, पण बाजार कळत होता. ज्याचा स्वतःचा माल विकायचा राहिला आहे, तो शेजारच्या मालाला उत्तम म्हणतो, तेव्हा तो माल डोळे मिटून घ्यावा. तो म्हणाला, "सुमंतला नेतो. पण तुम्हीही चला. मला गाणारे पुष्कळ मिळतील. हे सांगणारा मिळणार नाही. शाळेत कुणाला ठेवायचे आणि कुणाला नाही, ते तुम्ही ठरवायचे."

त्र्यंबकने आचार्यांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली.

नावेत दोघे गुरुबंधू समोरासमोर बसले. सुमंत आनंदात होता. म्हणाला, "दादा, काल तुम्ही षड्ज चढवलात, तेव्हा पहिल्या झंकाराला कळले. क्षणभर घाबरलो. मग वाटले, दादा काही सुचवताहेत. वर जाऊ नकोस, रोज वर जातोस. आज खाली बघ. म्हणून उतरलो. तुम्ही नसता सुचवले तर मला कधी..."

"नाही रे," त्र्यंबक म्हणाला. "तुला पाडायचे होते."

नाव पुढे चालली होती.  सुमंतच्या चेहऱ्यावरची ती कायमची भक्ती हळूहळू उतरली, आणि त्र्यंबकने प्रथमच तिथे एक प्रौढ माणूस पाहिला.

"यापुढे माझा तंबोरा मीच लावीन," सुमंत म्हणाला.

"लाव," त्र्यंबक म्हणाला.

गायनशाळा उभी राहिली आणि गाजली. एका ओसरीत वीणावादक, दुसरीत मृदंगी, मागच्या चौकात नर्तक. आणि एकाच्या बोटांतून काही चांगले निघाले की दुसऱ्याचे जेवण सुटे. शेटला आपल्या प्रवासातली ती गल्ली आपल्याच नगरात आल्यासारखे वाटे. लोक आता मिरीसाठी कमी आणि गाण्यासाठी अधिक येत. कुणाला आश्रय द्यायचा हे त्र्यंबक ठरवी, आणि त्याची निवड चुकली असे कधी झाले नाही.

शेट म्हातारा झाला, तेव्हा एके दिवशी त्र्यंबक त्याच्याकडे काही कामासाठी गेला. शेटने त्याला बसवून घेतले आणि विचारले, "इतकी वर्षे झाली. एक सांगा. एवढी माणसे येतात, गाऊन दाखवतात. यातला कोण खरा, हे तुम्हाला कळते कसे?"

"इथे जळते," त्र्यंबकने छातीवर हात ठेवला. "ज्याचे ऐकून काही होत नाही, त्याला शाबासकी देऊन परत पाठवतो. ज्याचे ऐकून जळते, त्याला ठेवून घेतो."

"अजून जळते?"

"अजून जळते."

"आणि सुमंत गातो तेव्हा? त्याचे तर रोज ऐकता. तेव्हा काय करता?"

"तेव्हा त्याचे वर्षासन वाढवा, असे सांगायला आपल्याकडे येतो," त्र्यंबक म्हणाला. "आजही त्याचसाठी आलो आहे."